आज कोणता टप्पा कुणाचा? ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) रेसिडेंटची वाढती स्वायत्तता कशी जोखावी

एमएस सर्जरीच्या तिसऱ्या वर्षातल्या रेसिडेंटचं, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरचं, लॉगबुक (केलेल्या शस्त्रक्रियांची नोंदवही) उघडलं, तर 'इंग्वायनल हर्निया (जांघेतला हर्निया), स्वतंत्रपणे केली' अशी नोंद बऱ्याच ठिकाणी सापडते. त्यातल्या एका केसला लेक्चरर समोर उभे होते. प्रत्येक थर त्यांनीच ताणून धरला आणि रेसिडेंटने फक्त कात्री चालवली. दुसरी केस रात्री दोनची, अडकलेल्या हर्नियाची. एसआर (सीनियर रेसिडेंट) शेजारच्या टेबलावर परफोरेशनमध्ये (आतड्याला भोक पडलेल्या केसमध्ये) गुंतलेले आणि असिस्टला दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेला जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट. लॉगबुकात दोन्हींचा रकाना एकच, सही एकाच सरांची.

या नोंदीवरून त्या रेसिडेंटला उद्या एकट्याने हर्निया करू द्यावी की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. मार्गदर्शकाला नाही, परीक्षकाला नाही आणि खरं तर त्या रेसिडेंटलाही नाही. ओटीत कुणाला किती मोकळीक द्यायची, हा शिक्षकाने विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. आपल्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत तो निर्णय बहुतेक वेळा ड्युटीचा तक्ता घेतो. दिवसा सीनियर हजर असतात म्हणून केस मिळत नाही आणि रात्री सीनियर नसतात म्हणून मिळते. रेसिडेंटची तयारी किती झाली आहे, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला जात नाही.

हा निर्णय पुन्हा शिक्षकाच्या हातात यावा, यासाठीची ही कार्यपद्धती आहे. उदाहरणं जनरल सर्जरीची घेतली आहेत, पण ऑर्थो, स्त्रीरोग, ईएनटी अशा कुठल्याही शस्त्रक्रियेच्या शाखेत ती तशीच चालते. वेगळा निधी लागत नाही. युनिटमधल्या तीन-चार शिक्षकांनी एकच मोजपट्टी वापरायचं ठरवलं पाहिजे, एवढीच अट आहे.

नेमकं काय मोजायचं

टप्प्याटप्प्याने जबाबदारी वाढवत नेण्याची कल्पना जुनी आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी १८८९ पासून ती रुजवली आणि जगभरच्या रेसिडेन्सीचा साचा तिथून आला. मात्र कुणाला कधी पुढे जाऊ द्यायचं, ते पुढची शंभर वर्षं बॉसच्या मनातच राहिलं. टोरोंटोच्या गटाने १९९७ मध्ये 'ओसॅट्स' ही पद्धत प्रसिद्ध केली. ऊतींना जपून हाताळणं, हालचालींतली काटकसर, उपकरणांची ओळख, असिस्टंटचा वापर अशा मुद्द्यांवर त्यात गुण देतात. हात किती सफाईने चालतो हे जोखायला ओसॅट्स आजही उत्तम आहे. पण ओटीत शिक्षकाच्या मनात घोळणारा प्रश्न निराळा असतो: 'याने हे केलं, पण त्यासाठी मला किती करावं लागलं?'

या प्रश्नाचं सर्वांत सुटसुटीत उत्तर झ्विश श्रेणी देते. केंटकीतले कार्डिओथोरॅसिक सर्जन जोसेफ झ्विशनबर्गर यांच्या नावावरून ती ओळखली जाते आणि २०१३ मध्ये ती सविस्तर मांडली गेली. तिच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी शिक्षक काय करतो यावरून ठरते.

पहिल्या पायरीवर शिक्षक शस्त्रक्रिया करतो आणि करता करता बोलतो. 'हा थर बघ, इथून नर्व्ह जाते, म्हणून मी कात्रीचं टोक वर ठेवतोय.' रेसिडेंट असिस्ट करतो, सुरुवातीचा छेद देतो, शेवटचे टाके घेतो.

दुसऱ्या पायरीवर चाकू रेसिडेंटच्या हातात असतो, पण शस्त्रक्रिया शिक्षकच चालवत असतो. कुठे जायचं, कशाला धरायचं, कधी थांबायचं हे तो सांगत राहतो आणि थर ताणून समोर आणून देतो. रेसिडेंटला पुढचा टप्पा ठाऊक नसला तरी केस पुढे सरकते.

तिसऱ्या पायरीवर शिक्षक हुशार असिस्टंट होतो. पुढे काय करायचं ते रेसिडेंट ठरवतो आणि शिक्षक त्याच्या मागोमाग जातो. मधूनच एखादी सूचना देतो, एखादी कठीण जागा सोपी करून देतो.

चौथ्या पायरीवर फक्त देखरेख असते. असिस्टला ज्युनिअर असतो आणि शिक्षक न विचारता सल्ला देत नाही. रुग्णाला धोका दिसला तरच मध्ये पडतो.

दुसरीतून तिसरीत जाणं ही सगळ्यांत मोठी उडी आहे, कारण तिथे पुढाकार कुणाचा ते बदलतं. नोंद करताना मन डळमळलं, तर एवढंच विचारावं: शस्त्रक्रियेतला पुढचा टप्पा आधी कुणाच्या डोक्यात येत होता? माझ्या, की त्याच्या? या एका प्रश्नावर बहुतेक वाद मिटतात.

ओटावातल्या गटाने २०१२ मध्ये मांडलेली 'ओ-स्कोअर' ही पाच पायऱ्यांची पद्धतही चांगली आहे. तिच्यात शिक्षक स्वतःच्याच भाषेत उत्तर देतो. 'मलाच करावं लागलं' इथून सुरुवात होते आणि 'माझी गरज नव्हती' इथे शेवट होतो. शस्त्रक्रियेआधीचं नियोजन, मुख्य टप्प्यांचं ज्ञान, शस्त्रक्रियेनंतरचा प्लॅन अशा मुद्द्यांवर ती वेगवेगळी नोंद मागते. तिमाही किंवा सहामाही सखोल मूल्यमापनाला मी ओ-स्कोअर सुचवेन. दररोजच्या लिस्टला (त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांच्या यादीला) मात्र झ्विशच. सहा केसेसच्या लिस्टनंतर नऊ मुद्द्यांचा फॉर्म भरण्याचं त्राण कुणातच उरत नाही, आणि न भरलेल्या फॉर्मचा कुणालाच उपयोग नाही.

फक्त स्वायत्तता नोंदवूनही भागत नाही. अमेरिकेतल्या 'सिम्पल' या मोबाइल अ‍ॅपमध्ये प्रत्येक केसनंतर तीन प्रश्न असतात: किती मदत लागली, काम कोणत्या दर्जाचं झालं, आणि त्या प्रकारच्या इतर केसेसच्या तुलनेत ही केस किती अवघड होती. पहिल्या पायरीवरचा रेसिडेंट वाईट काम करत असतो असं नाही, आणि चौथ्या पायरीवरचा चांगलंच करतो असंही नाही. स्वायत्ततेचा आकडा बराचसा शिक्षकाचं वागणं सांगतो, रेसिडेंटचं कसब त्याशेजारी निराळं लिहावं लागतं. या अ‍ॅपमधून १४ प्रशिक्षण केंद्रांतल्या ४४४ शिक्षकांनी ५३६ रेसिडेंट्सच्या १०,१३० शस्त्रक्रियांवर केलेल्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रशिक्षण संपत आलेल्या रेसिडेंट्सनाही नेहमीच्या मुख्य शस्त्रक्रियांत पुरेशी मोकळीक प्रत्येक वेळी मिळत नव्हती, हे त्यातून स्पष्ट दिसलं. तिथे रेसिडेन्सी पाच वर्षांची असते. आपल्याकडे एमएस तीन वर्षांत आटोपायचं असतं, म्हणून इथे प्रत्येक केसचं मोल जास्त.

कृती १ : शस्त्रक्रियेचे तुकडे पाडा

'हर्निया दिली' किंवा 'गॉलब्लॅडर दिलं' या भाषेत मूल्यमापन होऊ शकत नाही. आख्खी शस्त्रक्रिया हे एकक फार मोठं आहे. युनिटमध्ये वारंवार होणाऱ्या चार-पाच शस्त्रक्रिया निवडा आणि प्रत्येकीचे पाच ते आठ टप्पे शिक्षकांनी एकत्र बसून लिहून काढा. हे काम एका दुपारचं आहे आणि पुढची सगळी इमारत त्यावर उभी राहते.

लिख्टेनस्टाइन पद्धतीची, म्हणजे जाळी बसवून करायची, हर्निया घेऊ. छेद देऊन एक्स्टर्नल ऑब्लिकपर्यंत (पोटाच्या भिंतीतल्या बाहेरच्या स्नायूपर्यंत) जाणं हा पहिला टप्पा. त्याचं अ‍ॅपोन्युरोसिस (पांढरा, चपटा पडदा) उघडून इलिओइंग्वायनल नर्व्ह (जांघेतली नस) ओळखणं आणि जपणं हा दुसरा. प्यूबिक ट्यूबरकलपाशी (जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्यापाशी) कॉर्ड, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या रचनांचा दोर, मोकळा करून टेपवर घेणं तिसरा. कॉर्डमधली हर्नियाची पिशवी शोधून डीप रिंगपर्यंत (कॉर्ड पोटातून बाहेर येतो त्या वाटेपर्यंत) सोडवणं चौथा. जाळी कापून बसवणं पाचवा. इथे जाळी ट्यूबरकलच्या पुढे साधारण दोन सेंटिमीटर गेली की नाही, खालच्या कडेचा टाका इंग्वायनल लिगामेंटमधून योग्य खोलीवर गेला की नाही, शेपट्या कॉर्डभोवती नीट मिळाल्या की नाही हे पाहायचं. मग रक्तस्राव तपासून थर बंद करणं.

प्रत्येक टप्प्यापुढे एकच ओळ लिहा: इथे काय चुकू शकतं. पिशवी सोडवताना व्हास (शुक्रवाहिनी) आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या दुखावतात. लिगामेंटचा टाका खोल गेला तर खाली फीमोरल व्हेन (मांडीची मोठी शीर) आहे. ट्यूबरकलवर जाळी अपुरी बसली तर हर्निया परत येतो, पण तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, तोवर तो रेसिडेंट पास होऊन गेलेला असतो. म्हणून या टप्प्यावर शिक्षकाचा डोळा सर्वांत जास्त हवा. टेबलावर सगळं छान दिसत असतं, तिथल्या चुका केवळ निकालावरून कळत नाहीत.

दुर्बिणीच्या पित्ताशय शस्त्रक्रियेत तर टप्पे पाडल्याशिवाय जबाबदारी देताच येत नाही. पोर्ट (दुर्बीण आणि उपकरणं आत घालायच्या नळ्या) घालणं, चिकटलेलं सोडवणं, कॅलोज ट्रायँगल (पित्ताशयाच्या नलिकेजवळचा त्रिकोण) साफ करणं, क्लिप लावून कापणं, पित्ताशय यकृतापासून सोडवणं, बाहेर काढणं. यांतला धोका सगळीकडे सारखा नाही. यकृताच्या बिछान्यापासून वरचा भाग सोडवणं जेआर-टूला लवकर देता येतं. ट्रायँगल मात्र वेगळा. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी मांडलेला 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' इथे आयती कसोटी देतो: ट्रायँगलमधली चरबी आणि तंतू साफ झालेत, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलाय, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच रचना दिसतायत. पहिली क्लिप मागण्याआधी रेसिडेंटने थांबायचं, कॅमेरा पुढून आणि मागून फिरवायला सांगायचं आणि तिन्ही गोष्टी मोठ्याने म्हणून दाखवायच्या. न सांगता थांबणारा रेसिडेंट आणि 'थांब' म्हणावं लागणारा रेसिडेंट यांच्यात एका पायरीचं अंतर आहे. ते तसंच नोंदवा.

कृती २ : छेद देण्याआधी करार करा

हात धुताना दोन-तीन मिनिटं मिळतात, ती या कामासाठी पुरतात. इंग्रजी वैद्यकीय साहित्यात या पद्धतीला ब्रीफिंग, इंट्राऑपरेटिव्ह, डीब्रीफिंग अशा तीन भागांवरून 'बीआयडी' म्हणतात आणि २००९ पासून तिच्यावर बरंच लिहिलं गेलंय. आपल्या ओटीत ती साधारण अशी होते:

'आज कोणता टप्पा पूर्ण तुझा?'

'सर, जाळी बसवेपर्यंत सगळं करतो. मागच्या वेळी पिशवी सोडवताना अडकलो होतो, तिथे लक्ष द्याल?'

'ठीक. पिशवीपर्यंत मी बोलणार नाही. तिथे तू मला काय दिसतंय ते सांगत राहायचं. वीस मिनिटांत पिशवी सापडली नाही किंवा व्हास ओळखता आला नाही, तर मी बाजू बदलून घेणार. चालेल?'

एवढ्या बोलण्यात तीन गोष्टी ठरल्या: कोणता टप्पा, कोणत्या पायरीवर, आणि शिक्षक कधी हातात घेणार. तिसरी गोष्ट बहुतेक जण आधी बोलत नाहीत आणि तिथेच मनं दुखावतात. अट आधी ठरलेली असली, की काढून घेणं म्हणजे अपमान असं वाटत नाही. शिक्षकालाही घाईघाईने हात पुढे करण्याचा मोह आवरता येतो.

टाइम-आउटच्या (छेद देण्याआधी टीमने थांबून करायच्या पडताळणीच्या) वेळी ही वाटणी मोठ्याने सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा यादीत टीमने आपापली ओळख आणि भूमिका सांगायची असतेच. त्यातच 'पिशवीपर्यंत रेसिडेंट डॉक्टर करतील, मी असिस्ट करतोय' हे वाक्य बसतं. भूलतज्ज्ञांना वेळेचा अंदाज येतो. स्क्रब सिस्टर उपकरण कुणाच्या हातात द्यायचं ते जाणतात. ही गोष्ट बारीक वाटेल, पण सिस्टरनी सवयीने सुईहोल्डर सरांकडे दिला की त्या क्षणी ओटीतला अधिकार कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळतं, रेसिडेंटला तर नक्कीच.

रुग्णाला काय सांगायचं? जे खरं आहे तेच. हे शिकवणारं रुग्णालय आहे, शस्त्रक्रियेत प्रशिक्षण घेणारे डॉक्टर भाग घेतील आणि वरिष्ठ डॉक्टर जबाबदार असतील. संमती घेताना हे रुग्णाला कळेल अशा मराठीत, किंवा त्याच्या भाषेत, बोलून सांगावं. फॉर्मवरच्या छापील ओळीवर सोडू नये.

कृती ३ : बघायचं कसं

ही कृती सर्वांत अवघड आहे, कारण ती शिक्षकाच्या हातांची परीक्षा आहे. चांगला सर्जन असिस्ट करू लागला की तो नकळत शस्त्रक्रिया सोपी करून टाकतो. योग्य दिशेला, योग्य जोराने ताण दिला की थर आपोआप उघडतो. रेसिडेंटला वाटतं आपण केलं, शिक्षकालाही वाटतं त्याने केलं. आणि जेआर-वनला असिस्टला घेऊन तोच रेसिडेंट उभा राहिला की पहिल्या दहा मिनिटांत घामाघूम होतो. कारण एक्सपोजर (कामाची जागा उघडून नीट दिसणं) स्वतः उभं करायला, म्हणजे असिस्टंटला 'हे इथे धर, एवढं ओढ, आता सैल सोड' असं सांगायला, तो कधी शिकलेलाच नसतो.

म्हणून तिसऱ्या पायरीवर काही केसेस नीट झाल्या की चौथीकडे नेताना मुद्दाम असिस्टंट बदला. तुम्ही स्क्रब होऊन (हात धुऊन, निर्जंतुक गाऊन-हातमोजे घालून) एक पाऊल मागे उभे राहा, समोर ज्युनिअर द्या. त्या दिवशी लिस्टमध्ये सरळ, पहिल्याच वेळची, मध्यम आकाराची हर्निया असू द्या. दोन गोष्टी एकाच वेळी अवघड करू नका.

बघताना हाताच्या सफाईपेक्षा थांबण्याकडे जास्त लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. टोरोंटोच्या कॅरोल-अ‍ॅन मोल्टन यांनी अनुभवी सर्जनांच्या निर्णयक्षमतेचा अभ्यास करताना हेच मांडलं: निष्णात सर्जन सवयीने वेगात चालतो, पण गरज असेल तिथे ओळखून वेग कमी करतो. रेसिडेंट ट्रायँगलपाशी आला की त्याचं बोलणं थांबतं का? शेजारचं संगीत बंद करायला सांगतो का? कॉटरी (विजेने ऊती कापण्याचं साधन) सोडून बोथट डिसेक्शनकडे वळतो का? अनपेक्षित रक्त दिसल्यावर आंधळेपणाने क्लॅम्प लावतो, की दाबून धरतो, सक्शन मागतो आणि मगच बघतो? या खुणा कागदावर टिपून ठेवण्यासारख्या असतात, कारण स्वतंत्र होण्याची तयारी इथे दिसते. टाक्यांचा वेग सरावाने येतोच.

शिक्षकाने हातात घेतलं, तर का घेतलं तेही नोंदवा. कारणं मुख्यतः तीन असतात: रुग्णाला धोका होता, रेसिडेंट अडकला होता, किंवा लिस्ट लांबली होती आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. तिसरं कारण अगदी खरं आणि रोजचं आहे. पण ते लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी कागद वाचणाऱ्याला वाटतं, हा मुलगा पिशवी सोडवायला अजून शिकलेला नाही.

कृती ४ : ड्रेसिंग होईपर्यंत नोंद

शेवटचा टाका पडला आणि रुग्ण ट्रॉलीवर जाईपर्यंत जो वेळ असतो, तो सर्वोत्तम. सिम्पल अ‍ॅपमध्ये नोंदीसाठी ७२ तासांची मुदत असते, त्यानंतर ती केस नोंदवता येत नाही. आपण त्याच दिवसाची मुदत ठेवावी. दोन दिवसांनी आठवतं ते फक्त 'ठीक झाली होती', आणि मग आकडा त्या केसवरून पडत नाही, त्या रेसिडेंटबद्दलच्या एकूण मतावरून पडतो.

आधी रेसिडेंटने स्वतःची पायरी सांगायची, मग शिक्षकाने. हा क्रम उलटू देऊ नका. शिक्षक आधी बोलले तर रेसिडेंट त्यांच्याच आकड्याला मान डोलावतो. दोघांच्या आकड्यांत फरक पडला की खरी चर्चा सुरू होते. रेसिडेंट सतत स्वतःला वरचं देत असेल, तर शिक्षकाने केलेली मदत त्याला दिसतच नाही. सतत खालचं देत असेल, तर कदाचित त्याला निर्धास्तपणे काम करू दिलं जात नाहीये.

आकड्याशेजारी एक वाक्य लिहा, आणि ते वाक्य कृतीचं असू द्या. 'छान केलंस', 'अजून सराव हवा', 'आत्मविश्वास कमी आहे' यांनी पुढच्या केसला काहीच बदलत नाही. त्याऐवजी: 'कॉर्ड मोकळा करताना बोट ट्यूबरकलच्या फार बाहेरून घातलंस, त्यामुळे मागचा थर फाटला. पुढच्या वेळी आधी ट्यूबरकल बोटाने ठरव, मग आत जा.' हे वाचून रेसिडेंट पुढच्या हर्नियाच्या आदल्या रात्री काहीतरी करू शकतो.

साधन साधं ठेवा. मोबाइलवरचा गूगल फॉर्म पुरतो: तारीख, शस्त्रक्रिया, टप्पा, पायरी, दर्जा, अवघडपणा, एक वाक्य. रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक त्यात टाकू नका. नेटवर्क नसलेल्या ओटीत खिशात मावणारं छापील कार्ड चालतं. व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र कुणाचाही आकडा टाकू नका. मूल्यमापन सर्वांसमोर झालं की पुढच्या वेळेपासून रेसिडेंट अडचण सांगायचं बंद करतात.

नियमांशीही हे जुळतं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या अभ्यासक्रमात क्षमतेवर आधारित प्रशिक्षण आणि लॉगबुक दोन्ही आहेत. ही नोंद लॉगबुकाच्या बदली करायची नाही, त्याला जोडायची आहे. 'स्वतंत्रपणे केली' या रकान्यात खूण करण्याची अट युनिटने स्वतःपुरती ठरवावी: सर्व मुख्य टप्पे चौथ्या पायरीवर झाले असतील तरच.

नजर कुठे घसरते

सगळ्यांत मोठी घसरण वर्षावरून होते. जेआर-थ्री म्हणून चौथी पायरी, जेआर-वन म्हणून पहिली. आकडा आज समोर घडलेल्या केसचा आहे, हे स्वतःला पुन्हा पुन्हा बजावावं लागतं.

दुसरी घसरण मुलींच्या बाबतीत होते आणि ती उघड बोलली पाहिजे. अमेरिकेत कार्डिओथोरॅसिक प्रशिक्षणातल्या नोंदी तपासल्या तेव्हा स्त्री रेसिडेंट्सना पुरुषांपेक्षा कमी स्वायत्तता मिळत असल्याचं दिसलं. आपल्या युनिटमध्ये काय चित्र आहे ते तपासायला फार काही लागत नाही. वर्षभराच्या नोंदी झाल्या की मुलांच्या आणि मुलींच्या सरासरी पायऱ्या शेजारी मांडा, त्याच शस्त्रक्रियेच्या, त्याच वर्षाच्या. फरक दिसला तर तो शिक्षकांच्या बैठकीत ठेवा. 'मॅडम, हे जड आहे, मी करतो' असं प्रेमाने म्हणत ज्यांची केस काढून घेतली जाते, त्यांचं प्रशिक्षण त्या प्रेमाने कमी होतं.

गुंतागुंत झालेल्या केसची नोंद नंतर बदलायची नाही. जखम पिकली म्हणून त्या दिवशीचं काम मागाहून वाईट ठरत नाही. तिची चर्चा मॉर्टॅलिटी-मॉर्बिडिटी मीटिंगमध्ये (मृत्यू आणि गुंतागुंतीच्या आढावा बैठकीत).

कृती ५ : तीन महिन्यांनी चित्र वाचा

एका केसवरून, एका शिक्षकावरून निर्णय घेऊ नये. वेगवेगळ्या शिक्षकांच्या, वेगवेगळ्या अवघडपणाच्या नोंदी साठल्या की एका रेसिडेंटचं एका शस्त्रक्रियेतलं चित्र दिसू लागतं. दर तीन महिन्यांनी युनिटच्या सगळ्या शिक्षकांनी तासभर बसून ते वाचावं आणि त्यानंतर प्रत्येक रेसिडेंटला एकट्याने बोलवावं.

दोन चित्रांवर थांबा. पहिलं: दर्जा चांगला, पायरी खालची. हात तयार आहे, पण कुणी सोडत नाही. हा प्रश्न शिक्षकांचा आहे. कोणते शिक्षक त्याला कधीच तिसरीपुढे नेत नाहीत ते नोंदीत स्पष्ट दिसतं, आणि पुढच्या तिमाहीत त्या रेसिडेंटला कोणत्या लिस्टला कुणाबरोबर लावायचं ते ठरवता येतं.

दुसरं चित्र जास्त काळजीचं: पायरी वरची, दर्जा खालचा. बहुधा हे इमर्जन्सीच्या नोंदींत सापडतं. दिवसा जो रेसिडेंट दुसऱ्या पायरीवर आहे, तो रात्री चौथीवर काम करतोय. असं दिसलं तर त्या रेसिडेंटला दोष देण्याआधी रात्रीच्या ड्युटीची रचना बदला.

त्यासाठी प्रत्येक युनिटकडे 'फोन करायलाच हवा' अशा परिस्थितींची लेखी यादी असावी. रुग्णाचा रक्तदाब सावरत नाही. पोट उघडल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळंच सापडलं. आतडं कापून जोडावं लागणार आहे. ठरलेल्या वेळेत महत्त्वाची रचना ओळखता आली नाही. दुर्बिणीतून उघड्या शस्त्रक्रियेकडे वळायचा विचार आहे. आणि शेवटची ओळ: मनात शंका आहे. फोन योग्य वेळी, योग्य माहितीसह आला, तर तो त्या रेसिडेंटच्या बाजूने नोंदवा. मदत कधी मागायची हे कळणं हा स्वतंत्र सर्जनच्या क्षमतेचाच भाग आहे. म्हणून रात्री फोन उचलणाऱ्या शिक्षकाचा आवाज चढला, तर पुढचा फोन उशिरा येतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

प्रगती थांबलेल्या रेसिडेंटसाठी 'अजून केसेस द्या' हे उत्तर पुरत नाही. कोणत्या टप्प्यावर थांबलाय ते नोंदीतून काढा आणि तो टप्पाच वेगळा करा. दुर्बिणीतून टाके घेता येत नसतील तर बॉक्स ट्रेनरवर (दुर्बिणीच्या सरावाच्या पेटीवर) आठवड्यातून ठराविक वेळ. रचनाच ओळखता येत नसेल तर शवविच्छेदन कक्षात किंवा स्वतःच्या ओटीतल्या ध्वनिचित्रफितींवर बसून. आणि सलग काही केसेस त्याने फक्त तोच टप्पा करायचा, बाकी शिक्षकांनी.

कृती ६ : लेखी सोपवणं

उट्रेख्टच्या ओले टेन केट यांनी २००५ मध्ये 'ईपीए' ही कल्पना मांडली, म्हणजे विश्वासाने सोपवता येतील अशी कामं. अमेरिकेच्या सर्जरी बोर्डाने २०२३ पासून जनरल सर्जरीसाठी १८ ईपीए लागू केल्या. त्यांतून आपण घ्यायचं ते एवढंच: काम ठरवा, पुरावा बघा, आणि मग 'या रेसिडेंटला हे काम या देखरेखीखाली सोपवलं आहे' असं तारखेसह लिहून द्या. टेन केट यांच्या मांडणीत या काम सोपवण्याला हातकौशल्याइतकीच प्रामाणिकपणाची आणि स्वतःच्या मर्यादा ओळखण्याचीही अट आहे. तिमाही बैठकीत नोंदींबरोबर हाही प्रश्न प्रत्येक शिक्षकाला विचारावा: 'माझ्या घरच्या माणसाची हर्निया मी याच्या हाती देईन का?' उत्तर 'नाही' आलं तर का, ते लिहावं.

असं पत्र सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते जिल्हा रेसिडेन्सीच्या वेळी. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. तिथल्या सर्जनना हा मुलगा किंवा मुलगी काय करू शकते याची काहीच कल्पना नसते. मग एक तर तीन महिने ओपीडी आणि ड्रेसिंगमध्ये जातात, किंवा दुसऱ्याच दिवशी सिझरला असिस्ट करून झाल्यावर अपेंडिक्स एकट्याने करायला सांगितलं जातं. रुजू होतानाच एक पान सोबत द्या: हायड्रोसील आणि गळू, फक्त देखरेख. इंग्वायनल हर्निया, जाळी बसवण्याचा टप्पा सोडून देखरेख, जाळीच्या वेळी सर्जन स्क्रब हवेत. अपेंडिक्स, तिसरी पायरी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, फक्त असिस्ट. खाली युनिट प्रमुखांची सही आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन क्रमांक. तीन महिन्यांनी त्याच पानावर तिथल्या सर्जनची नोंद घेऊन रेसिडेंट परत येतो आणि पुढच्या तिमाहीच्या बैठकीत ते पान सर्वांत आधी वाचायला घ्यायचं.

नव्याने सुरुवात करणाऱ्या युनिटने सहाही कृती एकदम घेऊ नयेत. एक शस्त्रक्रिया, एक लिस्ट, एक जेआर-टू आणि तयार असलेला एक शिक्षक यांच्यापासून सुरू करा. पुढच्या ओटी-डेला हात धुताना फक्त एवढं विचारा, 'आज कोणता टप्पा पूर्ण तुझा?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कार्ड छापणं, फॉर्म बनवणं, बैठक ठेवणं त्या आठवड्यात नंतर करता येईल.